भिंत, ग्रंथ आणि गोव्याचा एक जुना नकाशा

म्हापशाच्या एका स्नेह्यांच्या बैठकीच्या खोलीत कित्येक वर्षे एक तसबीर टांगलेली होती. त्यांच्या वडिलांनी ती लिस्बनहून आणलेली. पिवळसर कागद, मधोमध उभी घडी आणि एकाच पानावर चार शहरांची चित्रे. तटबंदी, घरांची दाटी, पाण्यावर शिडांची जहाजे. एका चित्रावर ‘गोवा’ ही अक्षरे वाचता येत, दुसऱ्यावर ‘दीव’. उरलेली दोन नावे कोणालाच लागत नसत. तीही गोव्यातलीच जुनी ठिकाणे असावीत अशी घरच्या मंडळींची समजूत होती. त्यांतले एक शापोरा आहे असे वहिनी येणाऱ्या-जाणाऱ्यास ठामपणे सांगत.

एका पावसाळ्यात भिंतीला ओल आली आणि काचेच्या आत बुरशी दिसू लागली. तसबीर उतरवून मागची फळी काढली, तेव्हा स्नेह्यांनी मला बोलावून घेतले. “भाई, हे मागं काय आहे ते बघा,” ते म्हणाले. कागद उलटून पाहिला, तर मागील बाजूस छापील लॅटिन मजकूर आणि पानाचा क्रमांक. इतकी वर्षे जे चित्र म्हणून भिंतीवर मिरवत होते ते एका पुस्तकाचे पान होते.

शेजारी राहणारे एक वयोवृद्ध पाद्री लॅटिन जाणत. त्यांनी चारही शीर्षके वाचून दाखविली: आन्फा, अझामूर, दीव आणि गोवा. पहिली दोन शहरे मोरोक्कोच्या किनाऱ्यावरची. त्यांतील आन्फा म्हणजे आज जेथे कासाब्लांका उभे आहे ती जागा. वहिनींचा शापोरा आफ्रिकेत निघाला. गोव्याच्या शीर्षकात हे बलाढ्य नगर १५०९ साली ख्रिस्ती सत्तेखाली आले असे छापले आहे. ते वाचताना पाद्री थांबले आणि हसले. “दहा! सेंट कॅथरिनचा दिवस, २५ नोव्हेंबर १५१०. हे गोव्यातलं शाळकरी पोरसुद्धा सांगेल.” चारशे वर्षांहून अधिक काळ ती चूक त्या कागदावर डौलाने उभी आहे.

आपल्या वाचनालयाच्या शतकमहोत्सवी ग्रंथासाठी लिहिण्याचे निमंत्रण आले तेव्हा याच पानाची आठवण झाली. युरोपातील प्रबोधनकाळाचे नकाशे आज जगभर शोभेची वस्तू म्हणून विकले जातात. दिवाणखान्यांत, हॉटेलांच्या दर्शनी दालनांत, वकिलांच्या कचेऱ्यांत ते मढवून लावलेले दिसतात. पाहणाऱ्याला वाटते की हे असेच भिंतीसाठी निर्माण झाले असावेत. जे खरोखर भिंतीसाठी निर्माण झाले त्यांतील बहुतेक नष्ट झाले. जे उरले ते ग्रंथात होते म्हणून उरले. आणि ग्रंथांनी जे सांभाळले त्यावरच पुढे भिंतीची दृष्टी गेली. ही हकीकत ग्रंथालयाच्या माणसांनी जाणून घ्यावी अशी आहे.

त्या पानाचा मूळ ग्रंथ प्रसिद्ध आहे. कोलोन येथील धर्मोपदेशक गेऑर्ग ब्राउन हा त्याचा संपादक आणि फ्रान्स होगेनबर्ग हा मुख्य खोदकाम करणारा. ‘चिविटाटेस ऑर्बिस टेरारुम’, म्हणजे जगातील नगरे, या नावाने त्याचा पहिला खंड १५७२ मध्ये निघाला आणि सहावा १६१७ मध्ये. पाचशेहून अधिक नगरचित्रे त्यांत आहेत. अनेक चित्रांच्या पुढील भागात त्या त्या देशाच्या वेशातील स्त्री-पुरुष उभे केलेले दिसतात. त्याचे ब्राउनने दिलेले एक कारण मोठे मौजेचे आहे: तुर्कांच्या धर्मात मनुष्याकृती निषिद्ध असल्याने, चित्रांत माणसे असली की ते युद्धासाठी या पुस्तकाचा उपयोग करणार नाहीत! तुर्की सेनापती इतके भाविक असतील यावर ब्राउनचा खरोखर विश्वास होता की काय, देव जाणे. परंतु नगराचे चित्र हे शत्रूच्या हाती पडू नये असे हत्यार आहे, एवढी जाणीव त्यामागे निश्चित होती. पोर्तुगीजांनी आन्फा १४६८ मध्ये उद्ध्वस्त केले, अझामूर १५१३ मध्ये जिंकले, दीवला १५३५ मध्ये किल्ला बांधण्याची परवानगी मिळवून पाय रोवले. गोव्याची तारीख आपणांस पाद्रीबाबांनी सांगितलीच आहे. मोरोक्को आणि हिंदुस्थान एका पानावर का यावेत, याचे माझ्या मते दुसरे स्पष्टीकरण नाही. ज्या कागदाकडे आपण गोव्याचे जुने सुंदर चित्र म्हणून पाहतो तो एका आरमाराच्या पराक्रमाचा फलक आहे.

भिंतीवर नकाशा लावण्याची हौस मात्र अलीकडची नव्हे. १५७० साली लंडनच्या जॉन डी या विद्वानाने लिहून ठेवले आहे की कोणी आपली दालने, खोल्या, अभ्यासिका आणि ग्रंथशाला सुशोभित करण्यासाठी नकाशे बाळगतात. राजेरजवाड्यांनी तर भिंतीच नकाशांच्या केल्या. फ्लॉरेन्सच्या पालात्सो वेक्कियो या वाड्यात कोझिमो द मेदिची याने मौल्यवान वस्तूंच्या खोलीतील कपाटांच्या दारांवर जगाच्या निरनिराळ्या भागांचे नकाशे रंगवून घेतले. ते काम १५६३ मध्ये इग्नात्सिओ दांती या डोमिनिकन साधूने सुरू केले. याच दांतीच्या देखरेखीखाली १५८० नंतरच्या तीनएक वर्षांत पोप तेरावा ग्रेगरी याच्यासाठी व्हॅटिकनमध्ये सुमारे १२० मीटर लांबीची नकाशांची दीर्घा सिद्ध झाली. दोन्ही बाजूंस मिळून चाळीस भव्य नकाशे, बहुतांशी इटलीच्या प्रांतांचे. वृद्ध पोपने प्रवास न करता चालता चालता साऱ्या इटलीचे दर्शन घ्यावे, ही योजना. हे नकाशे टिकले, कारण ते भिंतीवर टांगलेले नव्हते. ते भिंतीचाच भाग होते आणि ती भिंत पोपच्या वाड्याची होती.

कागदाच्या नशिबी हे भाग्य नव्हते. लाकडी ठशांवर किंवा तांब्याच्या पत्र्यावर कोरलेले मोठे नकाशे अनेक तावांवर छापीत, ते ताव कापडावर एकमेकांना जोडून चिकटवीत आणि वर-खाली काठ्या लावून टांगीत. शेगडीचा धूर, खिडकीतून येणारे ऊन, भिंतीची ओल आणि माश्या यांनी चाळीस-पन्नास वर्षांत त्यांची वाट लागे. शिवाय नकाशा जुना झाला की निरुपयोगी वाटे आणि त्याच्या जागी नवा येई. मार्टिन वाल्डझेमुलरने १५०७ मध्ये बारा तावांचा जगाचा नकाशा छापला. ‘अमेरिका’ हे नाव नकाशावर प्रथम आले ते येथे. त्याच्या एक हजार प्रती छापल्याचे त्याने स्वतः नमूद केले आहे. त्या हजारांतील एकच उरली. न्यूरेंबर्गचा विद्वान योहान्नेस श्योनर याने ते बारा ताव भिंतीवर न लावता एका जाड बांधणीच्या पुस्तकात शिवून ठेवले होते. १९०१ साली दक्षिण जर्मनीतील वोल्फेग येथील गढीच्या ग्रंथसंग्रहात योझेफ फिशर या जेझुइट अभ्यासकाला ते सापडले आणि २००३ मध्ये अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने एक कोटी डॉलरांना तो नकाशा खरीदण्याचा व्यवहार पूर्ण केला. बाकीच्या नऊशे नव्याण्णव प्रतींनी कोणकोणत्या भिंती शोभविल्या हे सांगायला आज कोणी नाही.

दुसरी कथा आपल्या किनाऱ्याशी निगडित आहे. वास्को द गामा परतल्यानंतर पोर्तुगालच्या दरबाराने सागरमार्गांचे नकाशे कडक गुप्ततेत ठेवले. फेराराच्या ड्यूकचा हस्तक अल्बेर्तो कांतिनो याने १५०२ मध्ये लिस्बनमध्ये बारा सुवर्ण डुकाट मोजून चर्मपत्रावर असा एक नकाशा काढवून घेतला आणि तो इटलीत पोहोचविला. हिंदुस्थानचे टोकदार द्वीपकल्प त्यावर बरेचसे खऱ्या आकारात दिसते, आणि तेही गामाच्या पहिल्या सफरीनंतर अवघ्या तीन वर्षांत. पुढे हा नकाशा मोदेनाच्या राजवाड्यात आला. १८५९ च्या धामधुमीत वाडा लुटला गेला आणि नकाशा नाहीसा झाला. काही वर्षांनी ज्युसेप्पे बोनी या गृहस्थांना तो त्याच गावातील एका खाटकाच्या दुकानात दिसला. तेथे तो पडद्याच्या चौकटीवर ठोकून आडोसा म्हणून वापरात होता. बोनींनी तो तेथून सोडविला. आज तो मोदेनाच्या एस्तेन्से ग्रंथालयात आहे.

नकाशे भिंतीवरून उतरवून पुस्तकात घालण्याची कल्पनाही अशाच एका अडचणीतून निघाली. अँटवर्पचा जहाजमालक गिलिस हूफ्टमन याला युद्धांच्या आणि वाऱ्यांच्या वार्ता ऐकताना पदोपदी नकाशे पाहावे लागत. मोठ्या नकाशांची भेंडोळी लहानशा कचेरीत उलगडताना जागा पुरेना आणि अक्षरे वाचता येईनात. तेव्हा सारख्या लहान आकाराचे नकाशे मिळवून ते एकत्र बांधून द्यावेत, असे काम आब्राहाम ऑर्टेलियसकडे आले. ही हकीकत हूफ्टमनच्या पदरी असलेल्या योहान्नेस राडरमाखर याने उतारवयात पत्रातून सांगितली आहे. ऑर्टेलियस मुळात नकाशांना रंग देणारा कारागीर; १५४७ मध्ये अँटवर्पच्या चित्रकारांच्या संघात त्याची नोंद त्याच कामासाठी झाली होती. त्या बाडावरून स्फूर्ती घेऊन त्याने २० मे १५७० रोजी ‘थिएट्रम ऑर्बिस टेरारुम’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्रेपन्न पाने, एकाच मापाचे नकाशे, प्रत्येकाच्या पाठीवर वर्णन आणि आरंभी ज्यांच्या नकाशांचा आधार घेतला त्यांची नामावली. ही शेवटची गोष्ट मला फार मोलाची वाटते. उसने घेतलेल्या ज्ञानाचे ऋण मान्य करण्याची रीत त्या काळी मुळीच सर्वत्र नव्हती. आज आपण ज्याला अॅटलास म्हणतो त्याचा हा पहिला नमुना.

अशा ग्रंथातील नकाशा वाचायला वाचक लागतो. सर थॉमस रो याने १६१७ मध्ये बादशहा जहांगीरला मर्केटरचा अॅटलास नजर केला. बादशहाने तो काही दिवसांनी परत पाठविला, कारण त्याच्या मुल्लांपैकी कोणालाही तो वाचता येईना. म्हापशाच्या तसबिरीची गोष्ट याहून फारशी निराळी नाही.

गोव्याच्या बाबतीत याहूनही महत्त्वाचा एक नकाशा आहे, आणि त्याच्या छापील प्रतिकृती मी गोव्यातील अनेक भिंतींवर पाहिल्या आहेत. यान हुइखेन व्हान लिन्स्कोतन हा हॉलंडचा तरुण आर्चबिशप व्हिसेंत द फोन्सेका यांच्या पदरी कारकून म्हणून सप्टेंबर १५८३ मध्ये गोव्यात आला. वय वीस. कान उघडे, हात चित्रकलेत तयार आणि दफ्तर धर्मगुरूंच्या घरातले. पाच वर्षे तो पाहत होता, विचारत होता, टिपत होता. रुआ दिरैता या सरळ रस्त्यावर सकाळी भरणारा लिलावाचा बाजार, तेथे विकली जाणारी जिन्नसे आणि माणसे. ब्राह्मण, वाणी, कानरी शेतकरी, दख्खनी लोक. आंबा, फणस, नारळ. आणि मलाक्का, चीन, जपानपर्यंतचे सागरमार्ग. १५८९ च्या प्रारंभी त्याने हिंदुस्थानचा किनारा सोडला आणि वाटेत अझोर्स बेटांवर दीर्घकाळ अडकून १५९२ मध्ये तो घरी पोहोचला. अॅमस्टरडॅमच्या कॉर्नेलिस क्लास या प्रकाशकाने १५९५–९६ मध्ये त्याचे ‘इटिनेरारिओ’ छापले. त्यात गोवा बेटाचा आणि शहराचा मोठा, घडी घालून बांधलेला आराखडा आहे. तांब्यावर तो बाप्टिस्टा व्हान दुतेकुम याने कोरला, पण वरचा मथळा पोर्तुगीज भाषेतच आहे. शहर उत्तरेस पंधरा अंशांवर आहे, हेही त्यात सांगितले आहे.

आराखडा देखणा आहे. गल्ल्या, चर्च, माडांची बने, नदीतील गलबते सारे बारकाईने काढले आहे. जुन्या गोव्यात उभे राहून तो ताडून पाहण्याचा मोह होतो, पण जपून पाहावा. बॉम जेझूच्या आजच्या इमारतीचा पाया १५९४ मधला, म्हणजे लिन्स्कोतन गेल्यानंतरचा. से कॅथेड्रल तेव्हा अर्धवट बांधून झाले होते. आणि ज्या गल्ल्या कागदावर दाट आहेत तेथे आता माड आणि गवत आहे. रोगराईने शहर ओस पडत गेले, व्हाइसरॉय १७५९ मध्ये पणजीला राहायला गेला आणि १८४३ मध्ये पणजी अधिकृत राजधानी झाली. नाहीशा झालेल्या त्या गल्ल्यांची रचना इतक्या तपशिलाने सांगणारे साधन दुर्मिळ आहे.

परंतु लिन्स्कोतनच्या वाचकांना गल्ल्यांचे सौंदर्य नको होते. पुस्तकाचा सागरमार्गांविषयीचा भाग आधी, १५९५ मध्येच, छापून निघाला, आणि त्याच वर्षी कॉर्नेलिस द हौतमानचा पहिला डच ताफा पूर्वेकडे निघाला. १६०२ मध्ये डच ईस्ट इंडिया कंपनी स्थापन झाली. १६३६ पासून काही वर्षे डच आरमार मोसमामागून मोसम मांडवीच्या मुखाशी नाकेबंदी करून बसले. एकट्या पुस्तकाने राज्ये जात नाहीत हे खरे. पण जे पोर्तुगीजांनी शंभर वर्षे कुलुपात ठेवले होते ते आता अॅमस्टरडॅमच्या दुकानात पैसे टाकून मिळत होते. १५९८ मध्ये त्याचे इंग्रजी भाषांतर झाले. इंग्रजांनीही ते मन लावून वाचले.

आता त्याच आराखड्याची मूळ प्रत चौकटीत दिसली, की तिच्या घडीकडे पाहावे. ज्या रेषेवर कागद दुमडलेला आहे तेथे तो कधीकाळी पुस्तकात शिवलेला होता. विसाव्या शतकात जुन्या नकाशांना शोभेची वस्तू म्हणून मागणी वाढली, तेव्हा व्यापाऱ्यांच्या ध्यानात आले की अखंड ग्रंथाला एक गिऱ्हाईक मिळते आणि सुट्या पानांना शंभर. बांधणी उसवून नकाशे वेगळे करण्याचा धंदा सुरू झाला. बेरंगी पानांना नव्याने रंग चढविण्यात येऊ लागले, कारण भिंतीवर रंग खुलतो. उरलेला मजकूर रद्दीत. सर्व नकाशे आणि चित्रे जागेवर असलेले ‘इटिनेरारिओ’ मिळणे आज कठीण झाले आहे, याचे हे एक कारण. यात बेकायदा काही नाही; आपल्या मालकीचे पुस्तक फाडायला कोणाची बंदी नाही. पण ऑर्टेलियसने पाठीवर लिहिलेले वर्णन भिंतीकडे तोंड करून राहते आणि आधाराची नामावली तर कोणी चौकटीत बसवीतच नाही.

धंदा वाढला तसा तो ग्रंथालयांपर्यंत आला. डिसेंबर १९९५ मध्ये बाल्टिमोर येथील पीबडी ग्रंथालयात गिल्बर्ट ब्लँड नावाचा इसम पाने कापताना पकडला गेला. त्याने अमेरिकेतील आणि कॅनडातील अनेक ग्रंथालयांतून नकाशे पळविले होते. ८ जून २००५ रोजी येल विद्यापीठाच्या बायनेकी ग्रंथालयात जमिनीवर धारदार पाते पडलेले एका जागरूक कर्मचारी महिलेला दिसले, आणि त्यावरून फोर्ब्स स्मायली हा नामांकित नकाशा-व्यापारी सापडला. त्याने सत्त्याण्णव नकाशे चोरल्याचे कबूल केले. २००६ मध्ये त्याला साडेतीन वर्षांची कैद झाली. त्याच्या कबुलीजबाबातील सर्वांत बोचणारी गोष्ट अशी की आपले नकाशे गेल्याचे काही ग्रंथालयांना त्याने सांगेपर्यंत ठाऊकच नव्हते. ग्रंथ फडताळावर जागच्या जागी होते. पुठ्ठा शाबूत, क्रमांक शाबूत.

हे सारे परदेशातले, असे म्हणून हात झटकता येत नाहीत. काही वर्षांपूर्वी एका जुन्या ग्रंथालयात मी गॅझेटियरचा एक खंड मागविला. अनुक्रमणिकेत शेवटी घडीच्या नकाशाचा उल्लेख होता. तेथे शिवणीला चिकटलेली बोटभर रुंदीची कागदाची पट्टी तेवढी उरली होती, सरळ धारदार कापलेली. नोंदवहीत तो खंड ‘सुस्थितीत’ म्हणून दाखविलेला. कापणारा सभासदच असणार आणि बहुधा वाईट माणूसही नसणार; आपल्या गावाचा नकाशा त्याला आवडला असेल, एवढेच. तो कागद आज कोणाच्या तरी घरात मढवून लावलेला असेल, नाहीतर एखाद्या ओल्या भिंतीने केव्हाच संपविला असेल. तेव्हापासून जुना खंड हाती आला की मी प्रथम नकाशे आणि चित्रपाने मोजतो, आणि ही मोजणी दर काही वर्षांनी करावी अशी सूचना आपल्या कार्यकारी मंडळापुढेही मांडली आहे.

मढविण्याच्या हौसेला माझा विरोध नाही. अनेक मोठ्या ग्रंथालयांनी आपले नकाशे आता संगणकावर खुले केले आहेत. त्यांवरून उत्तम प्रतिकृती काढता येते आणि ती उन्हाने फिकी पडली तर दुसरी काढता येते. मूळ कागदाला दुसरा कागद नाही. चिंध्यांच्या लगद्याचा तो कागद आपल्या कपाटांतील शंभर वर्षांपूर्वीच्या लाकडी लगद्याच्या पुस्तकांहून कितीतरी चिवट असतो, पण ओल, ऊन आणि जंगालीचा हिरवा रंग हे त्याचे तीन वैरी. म्हापशाच्या पानावर जेथे पुढून माळरान हिरवे दिसत होते तेथे मागून कागद तपकिरी पडून ठिसूळ झाला होता. तांब्यापासून केलेला तो रंग कागदाला आतून खात होता.

स्नेह्यांनी बुरशी जाणकाराकडून साफ करून घेतली. पान पुन्हा मढवायला दिले तेव्हा दोन्ही बाजूंना काच बसवायला सांगितले. तसबिरी करणाऱ्या कारागिराला हे पटेना. भिंतीकडच्या बाजूला काच कशाला, उगाच वजन आणि उगाच खर्च, असे तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. शेवटी त्याने ती बसविली. आता ती तसबीर ओलीच्या भिंतीवर नाही, आतल्या कोरड्या खोलीत मेजावर उभी असते. पाहुणे आले की नातू ती उलटून मागचा मजकूर दाखवितो आणि १५०९ च्या चुकीची गोष्ट सांगतो. वहिनी मात्र अजूनही आन्फाकडे बोट दाखवून म्हणतात, “तरी हे शापोऱ्यासारखंच दिसतं.”